मैदान जनतेचे, करार कोणाचा?

गोव्यातील फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ७ डिसेंबर २०२५ रोजी सुपर कपचा अंतिम सामना झाला. ईस्ट बंगाल आणि एफसी गोवा या दोन्ही संघांना निर्धारित वेळेत गोल करता आला नाही, जादा वेळेतही कोंडी फुटली नाही आणि अखेर पेनल्टींवर एफसी गोवाने ६-५ असा विजय मिळविला. ही स्पर्धा तीन वेळा जिंकणारा तो पहिला संघ ठरला. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर मिळालेल्या या यशाचा आनंद गोव्याच्या जनतेने मनमुराद लुटला आणि त्यात गैर काहीच नव्हते. परंतु दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि रिलायन्स समूहाशी निगडित कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा व्यापारी करार संपुष्टात आला. चषक उंचावणाऱ्या खेळाडूंना देशांतर्गत पुढचा सामना कधी, कोठे आणि कोणत्या स्पर्धेत खेळावयाचा आहे, हे त्या दिवशी कोणीही सांगू शकत नव्हते. हंगामाचे दार मोठ्या समारंभाने उघडले गेले खरे, पण दारापलीकडे अंगणच नव्हते.

सुपर कप ही कल्पना मुळात साधी आहे. मागील वर्षीचा लीगविजेता आणि चषकविजेता यांनी नव्या हंगामाच्या आरंभी एक सामना खेळावा आणि त्या सामन्याने वर्षाच्या खेळाचा नारळ फुटावा, अशी ती प्रथा. इंग्लंडमध्ये ती फार जुनी आहे. भारतातही १९९७ ते २०११ या काळात राष्ट्रीय लीगचा विजेता व फेडरेशन कपचा विजेता यांच्यात असा सामना खेळविला जात असे. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे हे नाव पुन्हा वापरात आले, पण या वेळी ती हंगामाच्या शेवटी खेळावयाची बाद पद्धतीची स्पर्धा होती. २०२५ मध्ये मात्र ती पुन्हा हंगामाच्या आरंभी आली. हा बदल परंपरेच्या प्रेमापोटी झाला असे कोणी समजू नये. मुख्य लीगच अधांतरी लोंबकळत असल्यामुळे काहीतरी खेळविणे भाग होते, आणि ते 'काहीतरी' म्हणून सुपर कप पुढे करण्यात आला.

घटनाक्रम तपासून पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने भारतीय फुटबॉलचे प्रक्षेपण, प्रायोजन, व्यापारी वापर आणि नवी लीग स्थापन करण्याचा हक्क असे सर्व काही सुमारे ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात पंधरा वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे सोपविले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्माला आली. कराराची मुदत जवळ येताच, ११ जुलै २०२५ रोजी, पुढील हंगाम स्थगित ठेवत असल्याचे कंपनीने कळविले. एका पत्राने देशातील सर्वोच्च लीग थांबली! काही क्लबांनी खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार रोखले, काहींनी सराव बंद केला. सेनादलांच्या पुढाकाराने चालणारी जुनी ड्युरँड स्पर्धा तेवढी पार पडली. महासंघाच्या घटनेचा वाद अनेक वर्षे सर्वोच्च न्यायालयात पडून होता. अखेर न्यायालयालाच सप्टेंबरमध्ये हंगामाच्या आरंभाचा आणि खुल्या निविदेचा मार्ग आखून द्यावा लागला. २५ ऑक्टोबरला गोव्यात १६ संघांची स्पर्धा सुरू झाली. ती चालू असतानाच, ७ नोव्हेंबरला, लीगच्या हक्कांसाठी मागविलेल्या निविदेची मुदत संपली. एकही निविदा आली नाही.

ज्या बाजाराच्या हाती खेळ सोपविल्याने खेळाचा उद्धार होईल असे पंधरा वर्षे सांगितले गेले, त्या बाजाराने दिलेले हे उत्तर आहे. वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपयांची हमी देऊन ही लीग घ्यावी असे एकाही भांडवलदाराला वाटले नाही. तोटा दिसताच पाठ फिरविणे हा भांडवलाचा स्वभाव आहे, त्याबद्दल त्याच्यावर रागावणे व्यर्थ होय. राग यावयाचा तर तो ज्यांनी देशाचा खेळ अशा स्वभावाच्या हाती बिनशर्त दिला आणि स्वतःजवळ पर्यायी व्यवस्थेचा एक खांबही उभा ठेवला नाही, त्यांचा यावयास हवा.

डेंपोचा धडा

या स्पर्धेतील सर्वांत बोलका निकाल अंतिम सामन्याचा नव्हता. स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी डेंपो स्पोर्ट्स क्लबने ईस्ट बंगालला २-२ असे रोखले आणि नंतर मोहन बागानसारख्या बलाढ्य व धनाढ्य संघालाही गोल करू दिला नाही. तो सामना ०-० असा सुटला. डेंपोच्या संघात एकही परदेशी खेळाडू नव्हता. भारताकडून खेळलेले समीर नाईक त्यांचे प्रशिक्षक होते. कोट्यवधींच्या करारांवर आणलेल्या परदेशी पायांपुढे गोव्याच्या वाड्यावाड्यांतून आलेले तरुण ताठ उभे राहिले.

हा डेंपो क्लब कोण? २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकलेला हा संघ. साळगावकर व चर्चिल ब्रदर्स यांनीही प्रत्येकी दोन वेळा ही लीग जिंकली. म्हणजे मूठभर लोकवस्तीच्या या प्रदेशाने देशाला नऊ राष्ट्रीय विजेतेपदे दाखविली. आणि याच डेंपोने, साळगावकर व स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांच्यासह, २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. कारण महासंघाने ज्या नव्या रचनेचा आराखडा मांडला, तिच्यात वरच्या पायरीवर बसण्याचा अधिकार मैदानावरच्या गुणांनी मिळणार नव्हता. तो फ्रँचायझीच्या शुल्काने मिळणार होता. सर्वोच्च लीगचा दर्जा २०१९ मध्ये अधिकृतपणे सुपर लीगकडे गेला. त्यानंतर खालच्या लीगच्या विजेत्याला वर येण्याची फट उघडावयास २०२३ साल उजाडावे लागले, आणि वरच्या लीगमध्ये तळाशी राहणाऱ्याला खाली उतरविण्याचा नियम तर तेव्हाही लागू झाला नाही. हरणाऱ्याला ज्या खेळात शिक्षा नाही आणि जिंकणाऱ्याला ज्या खेळात बढती नाही, त्याला स्पर्धा म्हणावे की मालमत्तेची वाटणी?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गोव्यातील जुने क्लबही काही लोकांच्या वर्गणीवर उभे नव्हते. त्यांच्यामागे खनिजाचा पैसा होता. डोंगर पोखरून लोहखनिज परदेशी पाठविणाऱ्या घराण्यांना आपल्या नावाचा संघ हा प्रतिष्ठेचा दागिना वाटे. खाणींची लाल माती ज्यांच्या शेतांत आणि विहिरींत उतरली, त्यांचीच मुले त्या संघांतून खेळत. तेव्हा जुन्या मालकांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. फरक एवढाच की त्या संघांची मुळे तरी त्याच मातीत होती. १८८३ मध्ये शिवोली येथे फादर विल्यम लायन्स यांनी मुलांच्या पायांत चेंडू दिला असे सांगितले जाते. तेव्हापासून गावागावांच्या चर्चसमोरील पटांगणांत, भाताच्या कापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतांत आणि मुंबईतील धोबी तलावाच्या आसपासच्या गोवेकरांच्या कुडांत हा खेळ पिढ्यान् पिढ्या जगला. आगबोटीवर जाणाऱ्या तारवट्यानेही तो बरोबर नेला. कंपनीने तो विकत घेतला नव्हता आणि कंपनी निघून गेल्याने तो मरणार नाही.

पगारपत्रकावरचा खेळाडू

भारतीय फुटबॉलचा वैभवकाळ कोणता, याबद्दल दुमत नाही. १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांतील सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान ही त्याची शिखरे. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या मैदानांवर घडलेला गोवेकर होता. त्या काळी फ्रँचायझी नव्हती, दूरचित्रवाणीचे हक्क नव्हते, लिलाव नव्हता. मग होते काय? नोकरी होती. हैदराबाद सिटी पोलीसच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. ईस्टर्न रेल्वेने १९५८ मध्ये कलकत्त्याच्या बड्या क्लबांना मागे सारून तेथील लीग जिंकली, पी. के. बॅनर्जी त्याच संघाचे. मुंबईत रेल्वे, टाटा, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्र असे किती तरी संघ कूपरेज मैदानावर उतरत. खेळाडू हा पगारपत्रकावर नाव असलेला कामगार होता. गुडघा निकामी झाला, वय झाले, तरी महिन्याच्या पगाराला आणि निवृत्तीनंतरच्या देण्याला तो पारखा होत नसे. याच निर्धास्तपणाच्या जोरावर गरीब घरातील मुलगा आयुष्याची दहा-बारा वर्षे चेंडूमागे घालवू शकत होता.

ही व्यवस्था एका रात्रीत मोडली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचा कणा मोडला आणि त्याबरोबर गिरणी-कारखान्यांभोवती वाढलेली क्रीडासंस्कृतीही ओसरत गेली. पुढे सार्वजनिक उद्योगांतील भरतीला गळती लागली. १८९१ पासून चाललेला रोव्हर्स कप एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये त्याच्या मालकांनी गुंडाळला. त्याच वर्षी महासंघाने आपला करार केला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. नोकरीचा आधार जात होता आणि त्याच्या जागी कंत्राट येत होते. २०२५ च्या जुलैपासून जे घडले ते त्या कंत्राटी व्यवस्थेचे फळ होय. लीग थांबताच खेळाडूच्या घरची चूल विझू लागते. नोव्हेंबरमध्ये देशातील व्यावसायिक खेळाडूंनी एकत्रितपणे आपली व्यथा जाहीर केली. २४ डिसेंबरला फातोर्ड्यावरच आशियाई स्पर्धेच्या सामन्यात एफसी गोवाच्या खेळाडूंनी आरंभीचे काही क्षण खेळ न करता निषेध नोंदविला. ज्यांना तारे म्हणून भिंतींवर चिकटविले जाते, त्यांनाही शेवटी एकजुटीचाच मार्ग धरावा लागला. ही या साऱ्या प्रकरणातील एकमेव आशादायक गोष्ट आहे.

गोहलपुर, कामठी, कोल्हापूर

फातोर्ड्यापासून फार दूर, जबलपूर शहरात, गोहलपुर ही कष्टकऱ्यांची दाट वस्ती आहे. विडी वळणे, विणकाम आणि सलवार-सुटांची शिलाई यांवर तेथील असंख्य कुटुंबे जगतात. शहराच्या दुसऱ्या अंगाला तोफगाडी कारखाना, खमरिया दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना अशी संरक्षण उत्पादनाची मोठी केंद्रे आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशभरातील अशा कारखान्यांचे सरकारी मंडळ मोडून त्यांची सात महामंडळे करण्यात आली, आणि कायम नोकरीच्या भवितव्याची चिंता कामगारांच्या घरांत शिरली. गोहलपुरमधील एखाद्या शिलाई कामगाराच्या मुलाच्या पायांत उद्या विलक्षण कसब दिसले, तर त्याने जावे कोठे? त्याच्या राज्याचा एकही संघ सुपर लीगमध्ये नाही. कारखान्याच्या संघातून नोकरीकडे जाणारी वाट अरुंद होत चालली आहे. आणि ज्या लीगकडे त्याने डोळे लावावेत, तीच एका पत्राने बंद होऊ शकते, हे त्याने पाहिले आहे.

मध्य प्रदेशातीलच शहडोल जिल्ह्यातील विचारपूर या आदिवासी गावाचे 'छोटा ब्राझील' म्हणून कौतुक होते. २०२३ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचा गौरव केला. गौरव योग्यच आहे. व्यसनांनी ग्रासलेल्या गावाला चेंडूने सावरले ही सामान्य गोष्ट नव्हे. पण गावाचे कौतुक करणाऱ्या राज्यकर्त्यांना त्या गावातील मुलांसाठी वर्षभर चालणारी लीग उभी करता आली नाही, तर ते कौतुक भाषणापुरतेच उरते.

जुन्या मध्य प्रांतात जबलपूरचा शेजार नागपूरशी होता. त्या नागपूरजवळच्या कामठीत, विणकर-विडी कामगारांच्या वस्तीतून, रब्बानी क्लबसारखे संघ उभे राहिले. नागपूरच्या यंग मुस्लिम क्लबचीही तीच परंपरा. कोल्हापुरात तर फुटबॉल पेठेच्या तालमीत वाढला. ज्या तालमींत कुस्तीचा आखाडा, त्याच पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या नावांचे संघ दरवर्षी हंगाम उघडताच शाहू स्टेडियमवर उतरतात. पेठ लोटते, घोषणा दुमदुमतात, हरलेल्या पेठेत त्या रात्री चूल थंड राहिली असे गमतीने म्हटले जाते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या या लीगला कोणत्याही उद्योगसमूहाच्या पंधरा वर्षांच्या कराराची गरज पडली नाही. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये दोष नाहीत असे नव्हे. पेठापेठांतील ईर्ष्या कधी हाणामारीवर जाते, खेळाडूच्या उपजीविकेचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. परंतु खेळ ज्यांचा आहे ते तेथे प्रेक्षागारात आणि मैदानावर, दोन्ही ठिकाणी, हजर आहेत. सुपर कपच्या सोळा संघांत महाराष्ट्राचे नाव घेऊन मुंबई सिटी होता. २०१९ पासून त्याची बहुसंख्य मालकी एका परदेशी समूहाकडे होती. डिसेंबर २०२५ मध्ये तो समूहही भारतीय फुटबॉलच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवून निघून गेला. पेठ मात्र कोठे निघून जाणार?

पाया आणि कळस

कोणी म्हणेल की खासगी भांडवलाने सुपर लीगच्या रूपाने काहीच दिले नाही असे कसे? प्रकाशझोत आले, हिरवळी सुधारल्या, काही खेळाडूंना पूर्वी स्वप्नातही न दिसलेले मोबदले मिळाले. हे खरे आहे आणि ते नाकारण्याची गरज नाही. प्रश्न असा आहे की या कळसाखाली पाया घातला गेला काय? उत्तरासाठी पुन्हा फातोर्ड्यालाच जावे लागते. सुपर कपच्या अवघे अकरा दिवस आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, याच मैदानावर भारतीय संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशनेही भारताला नमविले. असा पराभव २२ वर्षांत झाला नव्हता. मधल्या काळात, २२ ऑक्टोबरला, सौदी अरेबियाचा अल नासर संघ फातोर्ड्यावर आला. रोनाल्डो येणार म्हणून हवा तापली होती. तो आला नाही. एफसी गोवाने मात्र झुंज देऊन सामना १-२ इतका चुरशीचा केला. तारा येवो न येवो, खेळावे लागते ते येथल्याच पायांना. आणि याच वर्षी, फारसा गाजावाजा व पैसा नसलेल्या भारतीय महिला संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आशिया चषकात प्रवेश मिळविला, ही गोष्ट पैशाच्या पुजाऱ्यांनी विसरू नये.

६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ क्लबांची लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल असे जाहीर केले. सामने ९१, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला १३. आदल्या हंगामात साखळीतच प्रत्येक संघ २४ सामने खेळला होता. खासगी कंपनी हटताच शेवटी सरकारलाच पुढे यावे लागले, याचा अर्थ स्पष्ट आहे: नफा असेल तोवर खेळ खासगी, तोटा दिसताच जबाबदारी सार्वजनिक. अर्ध्या हंगामाची ही मलमपट्टी स्वागतार्ह असली, तरी तिच्यावर कोणी समाधान मानू नये.

मागण्या अवघड नाहीत. गुणांच्या बळावर बढती आणि घसरण हा नियम सर्वोच्च लीगपासून जिल्हा लीगपर्यंत विनाअपवाद लागू झाला पाहिजे. यापुढे व्यापारी हक्कांचा कोणताही करार झाला, तर स्पर्धेची मालकी व वेळापत्रक महासंघाच्याच हाती राहिले पाहिजे आणि कराराची कलमे जनतेसमोर आली पाहिजेत. खेळाडूंच्या व मैदान-कर्मचाऱ्यांच्या पगाराची हमी देणारा राखीव निधी असल्याखेरीज कोणत्याही क्लबाला परवाना मिळता कामा नये. खेळाडूंच्या संघटनेला महासंघाच्या निर्णयांत मत असले पाहिजे. रेल्वे, पोलीस, बँका, संरक्षण कारखाने आणि राज्य परिवहन यांतील खेळाडूंची भरती व त्यांचे संघ पुन्हा जिवंत झाले पाहिजेत. आणि गोहलपुर असो, कामठी असो की कोल्हापूरची पेठ, प्रत्येक कष्टकरी वस्तीला इमारतींच्या घशात न जाणारे एक मैदान मिळाले पाहिजे.

सुपर कपसारखा सामना हे हंगामाचे तोरण असते. तोरण बांधावयाचे ते घराच्या दाराला. त्या घरात प्रत्येक वस्तीतील मुलाला जागा असेल, त्याच्या श्रमाला दाम असेल आणि त्याच्या कौशल्याला वर जाण्याची पायरी असेल, तरच चषक कोणाच्या हाती गेला याला काही अर्थ राहील. हे घर भांडवलाच्या सोयीने बांधले जाणार नाही. खेळाडू, प्रेक्षक, जुने क्लब आणि वस्त्या-वस्त्यांतील तरुण मंडळे यांनी संघटितपणे आग्रह धरला, तरच ते उभे राहील. डेंपोच्या तरुणांनी मैदानावर दाखवून दिले की पैशाच्या डोंगरापुढेही बरोबरी साधता येते. मैदानाबाहेर ती साधण्याचे काम आता सर्वांचे आहे.